आत्याबाईंनी बघितलेलं स्थळ

आमच्या कमलआत्याबाई कुणाच्याही घरी समोरच्या दारातून आत जातात आणि पाच मिनिटांत मागच्या दारातून बाहेर येतात. चोरी करून नाही हो, बघून! हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला की त्यांचा पहिला प्रश्न, "मागचं दार कुठंय?" यजमान "अहो, बसा ना" म्हणेपर्यंत बाई मोरीपर्यंत पोचलेली असते. भांडी कुठं घासतात, खरकटं कुठं टाकतात, घासणारी कोण आणि तिचं तोंड कसं, एवढं बघितलं की त्यांचं काम झालं. "पुढची खोली पाव्हण्यासाठी असती," त्या म्हणतात. "घर मागं असतंय."

एवढ्या एका शास्त्रावर आत्याबाईंनी आमच्या भावकीतल्या सगळ्या मुली उजवल्या. त्या माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या बहीण. ऐन तरुणपणी नवरा गेला, तेव्हा पैठणहून माहेरी आल्या त्या आल्याच. पुढे आम्ही शहरात गारखेड्यात घर बांधलं, तेव्हा त्याही आमच्याबरोबर आल्या. मुलगी द्यायची म्हटलं की आधी आत्याबाई स्थळ बघून येणार, आणि त्यांनी "नाय" म्हटलं की विषय संपला. एकदा तर त्या भर पंगतीतून उठल्या, कारण वाढणाऱ्या सुनेला सासूनं चारचौघांत "ए" म्हणून हाक मारली होती. पानात गरम जिलेबी होती, माझ्या अजून लक्षात आहे. तशीच सोडून यावी लागली.

आता आमची गौरी बारावी झाली. तिचं लग्न कुणाच्याही डोक्यात नाही, तिच्या तर मुळीच नाही. गौरी पळते. आठशे मीटर. रोज पहाटे मैदानावर जाते आणि तिच्यासोबत आत्याबाई जातात. पायरीवर बसून तिच्या चपला आणि पाण्याची बाटली सांभाळतात आणि मधूनच "पळ गं, पळ!" म्हणून ओरडतात; गौरी त्याला इतकी सरावलीय, की मानही वळवत नाही. इतकी वर्षं बसतात, पण खेळातलं त्यांना शून्य कळतं. "एवढं जीव तोडून पळायचं आन् पुन्हा तिथंच यायचं, मग गेली कामून?" हा त्यांचा प्रश्न अजून कुणाला सोडवता आलेला नाही.

यंदा गौरीला दोन खाजगी विद्यापीठांनी बोलावलं. आमच्याकडून पळ, फी माफ, हॉस्टेल माफ. गौरीचे बाबा म्हणाले, आधी नेटवर माहिती काढू. मी म्हटलं, कोचशी बोलू. आत्याबाईंनी नवं लुगडं काढलं आणि म्हणाल्या, "स्थळ बघायला मी येते."

"आत्याआजी, ते विद्यापीठ आहे, स्थळ नाही," गौरी हसून म्हणाली.

"पोरगी परक्या घरी ऱ्हायला जाणार का नाय? जाणार. मग काय ऱ्हायलं?"

पहिलं विद्यापीठ मोठं दिमाखदार. काचेची इमारत, एसी जिम. क्रीडा विभागाचे साहेब टाय लावून हिंडत होते आणि आम्हाला प्रत्येक मशीनचं इंग्रजी नाव सांगत होते. आत्याबाईंनी एका मशीनवर बोट फिरवलं, तर त्यावरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. मी कोपरानं ढोसलं, गप्प बसा म्हणून. मग साहेबांनी मैदान दाखवलं. "आमची मुलं सकाळ-संध्याकाळ इथंच असतात," ते म्हणाले. आत्याबाई खाली वाकल्या, धावपट्टीवरून काहीतरी उचललं आणि साहेबांच्या तळहातावर ठेवलं. हळदीत रंगवलेल्या अक्षता!

"लगीन कवा झालं?" आत्याबाईंनी विचारलं.

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मैदान लग्नाला भाड्यानं देतात, हे मग हळूहळू बाहेर आलं. मंडपाच्या खुंट्यांचे खड्डे धावपट्टीत जागोजागी दिसत होते आणि ते बुजवलेलेही नव्हते. त्यात एखादीचा पाय मुरगळला असता म्हणजे? पण आत्याबाईंना वेगळाच राग आला होता. परत येताना त्या गाडीत धुसफुसत राहिल्या, "लोकाच्या लग्नाला जागा हाय, पोरींला पळायला नाय."

दुसरं विद्यापीठ छोटं, शेजारच्या जिल्ह्यात, एस्टीनं जावं लागतं. काच नाही, एसी नाही, आजूबाजूला शेतं. आत्याबाईंनी शिरल्या शिरल्या दिसेल तो नळ उघडून बघितला. आमच्या शहरात नळाला पाणी येणं म्हणजे सणच असतो, त्यामुळे रोज पाणी येतं म्हटल्यावर मला तर तिथंच ॲडमिशन घ्यावीशी वाटली. आत्याबाई मात्र सहजासहजी विरघळणाऱ्या नव्हेत.

तिथल्या कोच शिंदे मॅडम, तिशीतल्या, उन्हानं रापलेल्या. त्यांना वाटलं, आम्ही सरावाचं वेळापत्रक विचारू.

"लगीन झालंय का?" आत्याबाई.

"हो."

"सासू कशी हाय?"

मी कपाळावर हात मारला. पण आत्याबाईंचं गणित असं, की घरी गांजलेली बाई राग दुसऱ्याच्या पोरीवर काढणार. शिंदे मॅडम आधी गोंधळल्या, मग हसल्या आणि मग जे सुरू झाल्या, ते चहा येऊन गार झाला तरी थांबेनात. सासू कडक, पण मनानं चांगली. सामने असले की मॅडमचं मूल तीच सांभाळते. एकदा पोरांना पळताना बघायला मैदानावरही येऊन गेली. आत्याबाई मन लावून ऐकत होत्या. मी आपली घड्याळ बघत होते.

मग अर्थातच, "मागचं दार कुठंय?"

हॉस्टेलच्या मागच्या बाजूला मुली कपडे वाळत घालत होत्या. आत्याबाईंनी त्यांना असे प्रश्न विचारले, की गौरी लाजून झाडामागं गेली. पाळीच्या दिवसांत पळायला लावतात का? पोटभर वाढतात का मोजून? गावाकडं जायचं म्हटलं तर कोच तोंड वाकडं करती का? मुली सुरुवातीला खुसखुसत होत्या, नंतर सगळं नीट सांगायला लागल्या. शेवटी आत्याबाईंनी त्यांचा ठेवणीतला प्रश्न काढला.

"धडधाकट सुनेचं समदेच करत्यात. दुखणाईत सून कुठंय, ती दाखवा."

मुलींनी आम्हाला कोपऱ्यातल्या खोलीत नेलं. तिथं एक पोरगी गुडघ्याला पट्टा बांधून बसली होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आख्खा हंगाम वाया गेलेला. आत्याबाई तिच्या पलंगावर बसल्या, तिचा पाय मांडीवर घेतला आणि विचारलं, "तुला हाकललं नाय?"

"नाही आजी. मॅडम रोज संध्याकाळी येऊन व्यायाम करून घेतात. फीसुद्धा माफच आहे अजून. म्हणाल्या, बरी होऊन पळशील."

तेवढ्यात बाहेर सराव सुरू झाला आणि मॅडमनी गौरीलाही पळायला उतरवलं. आमच्या मैदानावर गौरी एकटीच पळते, तिच्या बरोबरीची कुणी नाही. इथं दोघीजणी तिच्या पुढं निघून गेल्या. मला वाटलं, हिरमुसेल. तर ती धापा टाकत आली ती चक्क हसत! "आई, मागं पडले मी! कसल्या पळतात गं त्या!" पोरीला एवढं खूश मी कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं. आत्याबाईही बघत होत्या.

परतीच्या एस्टीत गौरीनं विचारलं, "मग आत्याआजी? व्हय ना?"

आत्याबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "नाय."

"का?"

"डाळ लई पातळ हाय."

अहो, डाळ! मी स्वतः जेवले होते, चांगली घट्ट डाळ होती. मी भांडले, गौरीचे बाबा समजावून थकले. गौरी मात्र भांडली नाही. आत्याआजीचं मोडून जायचं नाही म्हणाली आणि खोलीचं दार लावून घेतलं. विद्यापीठाला शनिवारपर्यंत कळवायचं होतं. ही जागा गेली तर वर्ष गेलं, हे घरात प्रत्येकाला कळत होतं.

शुक्रवारी आमच्याकडं नळ आला. आत्याबाई अंगणात ड्रम भरत उभ्या होत्या. मी बघते तर ड्रम कधीच भरलेला, पाणी वाहून पार फाटकापर्यंत गेलेलं आणि यांच्या हातात पाइप तसाच. वाटीभर पाणी सांडलं तर घर डोक्यावर घेणारी बाई! मी धावत जाऊन नळ बंद केला.

"आत्याबाई, काय होतंय?"

"डाळ पातळ नव्हती," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या हातातला पाइप काढून घेतला.

"खोट काढायला लई बघितलं गं, सुनंदा. समदीकडं फिरले. एक सापडली नाय." त्यांनी पदरानं हात पुसले, पुसतच राहिल्या. "इतक्या पोरी दिल्या मी. पण त्या भावकीतल्या. ही माझ्या हातावर मोठी झालेली. ती गेल्यावर पहाटे मी कुणासंगं जाऊ? मला त्या पळण्यातलं काय कळतं? पण तिथं पायरीवर मला बसायला जागा हाय."

काय सांगू, मला इतकं भरून आलं! इतकी वर्षं एका घरात राहून ही बाई एकटी आहे, हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी त्यांचा हात धरला. तो त्यांनी झटकला, कारण असलं काही त्यांना आवडत नाही.

"रडू नको. फोन लाव त्या शिंदेबाईला. व्हय म्हणून सांग."

गौरी निघाली तो दिवस म्हणजे लग्नघरच झालं होतं. लाडू, चिवडा, नव्या चादरी. आम्ही सगळे पोचवायला गेलो. सामान लावून झालं आणि वॉर्डनबाईंनी पाहुण्यांना निघायची आठवण केली, तशा आत्याबाई पलंगावर मांडी घालून बसल्या.

"नव्या नवरीसंगं पाठराखीण ऱ्हाती पहिले दिवस. मी ऱ्हाते."

"आजी, हे हॉस्टेल आहे, सासर नाही," वॉर्डनबाई म्हणाल्या.

"मालूम हाय. सासरी मी इचारलं नसतं."

वॉर्डनबाई हसल्या आणि एका रात्रीपुरती त्यांनी आपल्या खोलीत गादी टाकून दिली. आम्ही दोघं परत आलो.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आत्याबाईंचा फोन आला. मागून शिट्टीचा आणि मुलींच्या ओरडण्याचा आवाज येत होता.

"मैदानावर हाय मी," त्या म्हणाल्या.

"गौरी दिसली?"

"कुठली दिसती! समद्यांचे शर्ट सारखे, समद्यांच्या शेंड्या सारख्या. ह्या डोळ्यांला लांबून आपली कोणती ते वळखूच येईना. लई कसंतरी झालं बघ मला."

"मग?"

"मग काय, उभी ऱ्हायले आन् जोरात वरडले, पळ गं माझे बाई, पळ! तशा समद्या पोरी वळून माझ्याकडं बघायला लागल्या." मागं पुन्हा शिट्टी वाजली. "एक तेवढी वळली नाय, सुनंदा. पुढं बघून पळतच ऱ्हायली. तीच आपली."