मागच्या सीटचा तज्ज्ञ

तेजसने मोटरसायकल घ्यायची ठरवली, तेव्हा तिचा सगळ्यात जास्त फायदा सुखदेव वाळुंजला होणार होता. तो किती, हे सुखदेवने बसच्या रांगेत उभ्याउभ्याच काढून ठेवलं होतं. विश्रांतवाडीहून हडपसरला जाताना दोन बस, येताना दोन. म्हणजे रोज चार वेळची धक्काबुक्की वाचणार. सकाळची पाऊण तास झोप वाढणार. पास बंद. तेजस त्याच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचा, सुखदेव कामाला होता त्याच हडपसरच्या सॉफ्टवेअर कंपनीत नुकताच कायम झाला होता आणि मूळचा वाशीमचा होता. 'मला घेऊन जातोस का?' असं कोणी विचारलं तर तोंडावर 'नाही' म्हणायची पुणेरी सवय त्याला अजून लागायची होती.

अडचणी दोन होत्या. तेजसला मोटरसायकल चालवता येत नव्हती, हे तो सगळ्यांना सांगत सुटला होता. ती सुखदेवलाही येत नव्हती, हे मात्र फक्त सुखदेवच्या बायकोला, हेमाला, माहीत होतं.

तरीही ऑफिसात गाडी घ्यायची म्हटली की पोरं आधी ॲडमिनमधल्या सुखदेवच्या टेबलाशी येत. कारण सोपं आहे. पुण्यात कपाळाला आठी घालून "त्यात काही अर्थ नाही" असं म्हणणारा माणूस त्या विषयातला जाणकार धरला जातो. सुखदेव गेली बारा वर्षं दर गाडीबद्दल तेच म्हणत होता.

"सर, तुम्ही चला ना सोबत," एका संध्याकाळी सुखदेवच्या घरी येऊन तेजस म्हणाला. "मला तर गाडीतलं ओ की ठो कळत नाही."

"येतो. पण मी सांगेन तीच घ्यायची."

हे ऐकून हेमा स्वयंपाकघरातून बाहेर आली. तेजस जिना चढून वर जाईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "अहो, तुम्हाला सायकलसुद्धा येत नाही."

"मॅच बघणाऱ्याला बॅटिंग यावीच लागते का?"

"बघणाऱ्याला नाही लागत. पण तुम्ही तर टीम निवडायला निघालात."

पहिले तीन रविवार शोरूममध्ये गेले. तेजसला एक लालभडक गाडी फार आवडली. सुखदेव सरळ तिच्या मागे गेला, मागच्या सीटवर बसला आणि लगेच उतरला.

"ही गाडी नाही, घसरगुंडी आहे. मागचा माणूस पुढच्याच्या मानेवर येतो."

"पण सर, मागे कोण बसणार आहे?"

"विचार नेहमी दूरचा करावा."

दुसऱ्या गाडीचा मागचा लोखंडी दांडा त्याच्या कमरेला टोचला. तिसरीचे मागचे फूटरेस्ट अरुंद निघाले. सेल्समन किल्ली पुढे करून म्हणाला, "सर, एक राउंड मारून तर बघा!" तेव्हा सुखदेवने त्याच्याकडे दयेने पाहिलं. "राउंड नवशिके मारतात," तो म्हणाला. तेजसने ते वाक्य सोमवारी ऑफिसभर सांगितलं, आणि सुखदेवची पत आणखी वाढली.

शेवटी छोट्या जाहिरातींत एक जुनी गाडी सापडली. मालक सीतारामपंत, बँकेतून निवृत्त झालेले, राहणार मंडईच्या मागे. चौथ्या रविवारी दुपारी दोघं तिथे पोचले. गाडी नऊ वर्षांची होती, पण स्टीलच्या भांड्यासारखी घासूनपुसून ठेवलेली.

"मागची सीट फारच नवी दिसतेय," सुखदेव म्हणाला.

"दिसणारच. नऊ वर्षांत मागे कोणाला बसवलेलं नाही."

"मिसेसना?"

"ती रिक्षाने येते. मी दारात वाट बघतो."

सुखदेव मागच्या सीटवर बसला. लांब, सपाट, मऊ. पाय ऐसपैस टेकत होते. पाठीमागे दांडा नव्हता. बसणारं कोणी नसल्यामुळे सीतारामपंतांनी तो सहा वर्षांपूर्वीच काढून भंगारात दिला होता. सुखदेवने डोळे मिटले. हडपसर आलं की आपोआप उघडतील, असं त्याला वाटलं.

"घेऊन टाक," तो म्हणाला.

"चालवून बघायची नाही?" सीतारामपंतांनी कोपऱ्यातली बाटली उचलली. "टाकी मी रिकामी केली आहे. ट्रायलपुरतं पेट्रोल यात काढून ठेवलंय."

"काही गरज नाही. बघितल्यावर कळतं."

सीतारामपंतांनी बाटली परत कोपऱ्यात ठेवली. कागद झाले, सह्या झाल्या, तेजसने बँकेतून आणलेलं पाकीट दिलं. मग तो हात चोळत म्हणाला, "आजोबा, आता ते पेट्रोल ओता. आम्हाला विश्रांतवाडीला जायचंय."

"ते ट्रायलचं होतं. ट्रायल झाली नाही."

"मग विकत द्या."

"मी गाडी विकायला काढली होती. पेट्रोल नाही."

एरवी असल्या माणसाशी सुखदेव तासभर भांडला असता. त्या दिवशी त्याने मनातल्या मनात त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. कारण गाडी घरी कोण चालवत नेणार, हा एकच प्रश्न त्याने चार आठवड्यांत विचारात घेतला नव्हता, आणि तेजसने उत्तर गृहीत धरलेलं होतं: सुखदेव सर.

"चल, ढकलत नेऊ," सुखदेव उत्साहाने म्हणाला. "पुढे पंप आहेच."

पंप होताच. पण सुखदेव त्याच्यासमोरून मान वळवून पुढे निघाला.

"सर, पंप!"

"इथलं पेट्रोल पातळ असतं."

दुसऱ्या पंपावर म्हणे हवा नीट नव्हती. तेजसला हवेचा आणि पेट्रोलचा संबंध लागेना, पण तज्ज्ञापुढे कोण बोलणार? तिसरा पंप रस्त्याच्या पलीकडे होता, आणि नवी गाडी पहिल्याच दिवशी उलटी वळवू नये, असं निघालं. संगमवाडीच्या पुलावर पोचेपर्यंत तेजसचा शर्ट पिळून काढण्याजोगा झाला होता. सुखदेव मागून सीटवर एक हात ठेवून चालत होता. ढकलत होता की सीट कुरवाळत होता, हे सांगणं कठीण.

तेवढ्यात एक फटफटी शेजारी येऊन मंद झाली. पांढरी टोपी, पिळदार मिशा, हँडलला दोन मोकळ्या दुधाच्या किटल्या. धानोरीचे गेनबा दूध घालून घरी चालले होते.

"प्येट्रोल संपलंय व्हय?"

"हो ना, काका," तेजस म्हणाला.

"मंग ढकलताय कशापायी? बसा दोघं. पाय लावतो म्या."

पुण्यात ही सोय फार जुनी आहे. बंद गाडीवर आपण बसायचं. मागून येणारा आपली गाडी चालवता चालवता एक पाय लांब करून आपल्या मागच्या फूटरेस्टला लावतो आणि दोन्ही गाड्या एका इंजिनावर चालतात. फक्त बंद गाडीचं हँडल कोणीतरी धरावं लागतं.

तेजसने हँडल अदबीने सुखदेवकडे केलं. "या सर."

सुखदेवने घसा खाकरला. "छे! पहिला मान मालकाचा. तुला सायकल येते ना? झालं तर. इंजिन बंदच आहे."

गेनबांनी पाय लावला. त्यांची जाडजूड वहाण फूटरेस्टवर आली ती नेमकी सुखदेवच्या बुटावर. गाडी डुलली, सावरली आणि पुलावरून सुसाट निघाली.

"अरे बाप्पा!" तेजस ओरडला. "काका, हळू! मले थांबवता येत नाही!"

"थांबू नगंस! म्होरं बघ! पायाकडं बघू नगंस!"

येरवडा येईपर्यंत तेजसचा हात बसला. खांदे खाली आले, वळणावर तो आपोआप कलायला लागला. वारा लागत होता. मागे सुखदेवचं एक बोट चेंगरत होतं, पण त्या लांब, सपाट सीटवर तो खुशीत होता. हीच ती सीट. उद्यापासून रोज.

गेनबांनी त्यांना आळंदी रोडवरच्या पंपात आणून सोडलं. या पंपाबद्दल सुखदेवला काही सुचायच्या आत पेट्रोल भरून झालं. गेनबांनी स्वतःच किक मारली. गाडी घुमू लागली.

"टाका गेर, निघा," गेनबा म्हणाले.

तेजसने मागे पाहिलं. "सर, कुठला गिअर?"

"पहिला."

"तो कुठंय?"

"असतो तो... सुरुवातीलाच."

गेनबांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग मिशीवरून हात फिरवत सुखदेवला विचारलं, "पावनं, तुमाला येत न्हाई?"

"या मॉडेलचं नाही येत."

"दुसऱ्या मॉडेलचं येतंय?"

सुखदेव पंपाचा आकडा वाचू लागला. तेजसने एकदा आपल्या ओल्या शर्टाकडे पाहिलं, एकदा सुखदेवच्या कोरड्या शर्टाकडे पाहिलं आणि गेनबांकडे वळला. "काका, तुम्ही दाखवता?"

पंपामागच्या मोकळ्या जागेत गेनबांनी त्याला गिअर दाखवले, ब्रेक दाखवला. "आन् क्लच हळूऽ सोडायचा. कोंबडीचं पिल्लू हातातनं सोडतोस, तसा." तेजसने वाशीमला पिल्लं सोडलेली होती. पाचव्या खेपेला गाडी चालली, दहाव्या खेपेला वळली.

"बसतो मी मागे," सुखदेव म्हणाला आणि हक्काने बसला. जागा भरपूर होती, म्हणून चांगला मागे सरकून बसला.

मागे माणूस बसला की पिल्लू जड होतं, हे गेनबांनी सांगितलं नव्हतं. तेजसचा क्लच सुटला. गाडीने उडी मारली आणि ती तेजसला घेऊन पुढे गेली. सुखदेवने आधारासाठी मागे हात टाकला. दांडा सहा वर्षांपूर्वीच भंगारात गेला होता. सुखदेव सपाट सीटवरून पाटावरून उतरावं तसा मागच्या मागे उतरला आणि जमिनीवर बसला. नीट, मांडी घालून, पण जोरात.

"माकडहाड दुखावलंय," डॉक्टर म्हणाले. "तीन महिने टू-व्हीलरवर बसायचं नाही. खरं म्हणजे, कशावरच फार बसायचं नाही."

आता कोणाचं काय झालं ते पाहू. सीतारामपंतांना गाडीचा ठरलेला भाव मिळाला, आणि पेट्रोलही उरलं. गेनबांना एक चहा मिळाला, आणि धानोरीत महिनाभर सांगायला गोष्ट. तेजसला गाडी मिळाली, ती चालवणं आलं आणि शिवाय 'नाही' कसं म्हणायचं तेही थोडंफार आलं. तीन महिने संपल्यावर सुखदेवने जिन्यात त्याला गाठून विचारलं, "मग, उद्यापासून येऊ का मागे?" तेव्हा तो कपाळाला आठी घालून म्हणाला, "सर, त्यात काही अर्थ नाही."

सुखदेवने नवा पास काढला. बसमध्ये कंडक्टर ओरडतो, "मागे जागा आहे, बसून घ्या!" पण सुखदेव मागे बघतच नाही. दांडा घट्ट धरून तो उभा राहतो.

हेमाने मात्र तेजसकडे एक शब्द टाकला. बसच्या गर्दीत सुखदेवचा डबा सांडतो, म्हणून तो तेजस घेऊन जातो. रोज साडेआठला, बस सिग्नलला अडकलेली असताना, शेजारून ती गाडी डौलात पुढे निघून जाते. लांब, सपाट मागच्या सीटवर रबरी पट्ट्यांनी ऐसपैस बांधलेला सुखदेवचा डबा असतो, आणि तो सुखदेवच्या पाऊण तास आधी ऑफिसात पोचतो.