दत्तोपंतांनी आणलेला समुद्र

“सायकलीवरून समुद्र! इथून थेट कोकण, आणि मग लाटांच्या कडेकडेनं वीस कोस! त्यात काय मोठं?”

दत्तोपंतांनी बशीतला चहा फुर्रकन संपवला आणि कचेरीकडं अशा तोऱ्यात बघितलं, जणू समुद्र त्यांच्या परसातच बांधलाय आणि सकाळीच त्याला वैरण टाकून आलेत!

साल बासष्टचं. गावाचं नाव कागदावर उस्मानाबाद, तोंडात धाराशिव. समुद्र म्हणाल तर फक्त भिंतीवरच्या नकाशात. तोही निम्मा वाळवीनं पिऊन टाकलेला.

हेडक्लार्क सिद्रामप्पांनी पानाला चुना लावता लावता मान वर केली. “पंत, मागं येडशीच्या रानात तुम्ही नुसत्या शिंकेनं वाघ पळवला होता.”

“दोन वाघ!”

“दोन. आता लई झालं! समुद्र बघून या, आणि येताना त्याचं पाणी आणा. मी स्वतः चाखीन. खारट निघालं तर सगळ्या कचेरीपुढं कबूल करतो, दत्तोपंतांचा शब्द न् शब्द खरा. वाघासकट! न्हाय निघालं, तर वर्षभर चहाच्या वेळी तोंड उघडायचं ते फक्त चहासाठी!”

कचेरी खदाखदा हसली. पंत तोऱ्यातच “कबूल!” म्हणून बसले. वर्षभर गप्प? अहो, हा माणूस झोपेतसुद्धा गोष्टी सांगायचा! मिठाविना भाकरी चालेल, पण गोष्टीविना चहा? त्या रात्री त्यांनी इतक्या वेळा कूस बदलली, की वनमालाबाई म्हणाल्या, “अहो, सायकल उद्या चालवायची आहे ना? मग आत्तापासून पाय का मारताय?”

सोबतीला दोघं निघाले. एक ड्रॉइंगमास्तर बाबूराव. ते सायकलीवर बसले की सायकल दिसेनाशी व्हायची. दुसरा कचेरीतला शिपाई लिंबाजी, फटाके बनवणाऱ्या तेरखेड्याचा. त्यानं तुपाच्या डब्यात गावचे चार बाण घेतले होते. “समुद्र दिसला की उडवू! सलामी नको का द्यायला?” पंतांच्या गळ्यात मिलिटरीची पाण्याची बाटली. जाताना रिकामी, येताना इज्जतीनं भरलेली.

सोलापूर, कोल्हापूर, घाट, पंक्चर, पुन्हा घाट! पाचव्या दिवशी एका चढावर तिघं थबकले. समोर समुद्र!

“अगागा!” लिंबाजी सलामी विसरून मटकन खाली बसला. “हे समदं पाणी? आन् आमच्याकडं घागरीला भांडणं!”

दोन दिवस ते किनाऱ्यानं दामटत होते. तिसऱ्या दिवशी आभाळ काळं झालं, वारा असा सुटला की बाबूरावांचं धोतर शिडासारखं फुगलं आणि ते पायडल न मारता सगळ्यांच्या पुढं गेले! पंत एका जागी ठरतील तर शपथ. “चला, चला! पाणी भरायचंय!”

“अहो, मग भरा की. हे काय शेजारीच आहे!” बाबूराव पुढून ओरडले.

“काठचं गढूळ न्हाय. चांगल्या ठिकाणचं, अस्सल भरू!”

वाटेत लागलेली वाळू ओली, टणक, डांबरी सडकेसारखी. दोन अंगांना खडक, मधे पाण्याचा थेंब नाही; तिघांना वाटलं, आटलेली नदीच. आपल्याकडं नदीचं कोरडं पात्र म्हणजेच बैलगाडीचा रस्ता. तेरणा नदीच्या वाळूत तर आपले बाजार भरतात! तिघांनी मधोमध सायकली लावल्या आणि भाकऱ्या सोडल्या.

तेवढ्यात टपटप थेंब आले. “पूर येईल काय हो?” बाबूरावांनी विचारलं.

पंत हसले. “मास्तर, पूर येतो वरून! तुम्ही डोंगराकडं तोंड करून बसा. पाणी दिसलं की हाक मारा.”

बाबूराव इमानी माणूस. डोंगराकडं टक लावून बसले. लिंबाजीही तिकडंच. पंतही तिकडंच. समुद्राकडं तिघांची पाठ!

पहिल्यांदा भाकरी भिजली. मग धोतर. “डोंगराकडनं काय बी न्हाय!” बाबूरावांनी इमानानं वर्दी दिली, आणि त्यांच्या मांडीवरून त्यांचीच वहाण पोहत गेली.

वळून बघतात तो काय! सडक गायब, बाजार गायब, आणि माडाएवढी लाट जाफराबादी म्हशीसारखी शिंगं रोखून येतेय!

“सायकली उचला!”

तिघं सायकली डोक्यावर घेऊन खडकावर चढले. चारी बाजूंनी पाणी, वरून वादळ. तेवढ्यात पंतांनी गळ्याला हात लावला आणि किंचाळले, “बाटली भरायची राहिली!”

“पंत, मरायची वेळ आलीया!”

“मेलो तर चालेल, वर्षभर गप्प बसायचं न्हाय!”

ते वाकले. आलेल्या लाटेनं आधी बाटली भरली आणि उरलेल्या पाण्यानं पंत भरले. लिंबाजीनं धोतराचा सोगा धरून त्यांना वर ओढलं. त्यानं डबा उघडला आणि त्या वाऱ्यात, बाबूरावांच्या आडोशाला, बाण पेटवला. बापजाद्यांचा धंदा! सूंऽऽऽ करून बाण ढगात गेला. कुणाची तरी होडी फुटली असं समजून अख्खा कोळीवाडा दोर घेऊन धावत आला. होडीच्या जागी त्यांना तीन सायकलवाले सापडले.

“भरतीच्या वाळूत बसून जेवत होता?” म्हाताऱ्या कोळ्यानं विचारलं. “गाव कुठचं तुमचं?”

पंतांनी पहिल्यांदाच गावाचं नाव हळू सांगितलं.

परतीचे सहा दिवस पंतांनी बाटली गळ्यातून काढली नाही. झोपायचे तेही तिच्यावर हात ठेवून, दचकत दचकत. अखेर तुळजापूरचा घाट चढून आले. माथ्यावर लिंबाखाली गौराबाईची पाणपोई. रांजणातलं वाळ्याचं गार पाणी पोटात गेलं, आणि गाव हाकेवर आलं म्हणून पंतांनी बाटली उशाला ठेवून घटकाभर डोळा लावला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सगळी कचेरी उभी. पंतांनी बुडापासून बुचापर्यंत गोष्ट सांगितली. एक शब्द वाढवला नाही! सिद्रामप्पांनी बाटली तोंडाला लावली. एक घोट. दुसरा घोट. मग निम्मी बाटली.

“वा! गोड आहे. वाळ्याचा वासही आहे. समुद्रात वाळा घालतात व्हय, पंत?”

पंतांचा चेहरा रांजणाच्या बुडासारखा झाला. कोपऱ्यातून लिंबाजी पुटपुटला, “पंत, तुमी झोपला तवा गौराबाईनं बाटली हुंगली. ‘वाटसरूच्या बाटलीत खारं पाणी? पाप लागंल!’ म्हणाली. घासून, धुऊन रांजणातलं भरून दिलं.”

“आणि तू बघत बसलास?”

“पुण्याच्या कामात मधी कसं बोलायचं?”

“ऐकलंत? हा साक्षीला आहे!” पंत सिद्रामप्पांकडं वळले.

“चोराला चोराची साक्ष,” सिद्रामप्पा म्हणाले.

पंत धावत बाहेर गेले आणि सायकल उचलून थेट टेबलावर ठेवली. “चाटून बघा! कण न् कण समुद्रात बुडालाय!”

सिद्रामप्पा न्यायी माणूस. चष्मा काढून त्यांनी हँडलची मूठ चाटली, आणि पुन्हा एकदा चाटली. पंतांचा जीव डोळ्यांत आला.

“खारट आहे.”

“बघा!”

“पण घामही खारटच असतो, पंत.”

त्या दिवसापासून दत्तोपंत गप्प. आठव्या दिवशी चहा आला, आणि सिद्रामप्पा कचेरीत नव्यानं आलेल्या कारकुनाला सांगू लागले, “आमच्या पंतांनी बघितला म्हणे समुद्र. लाटा होत्या गुडघ्याएवढ्या...”

पंतांनी बशी टेबलावर आपटली. गुडघ्याएवढ्या! त्यांनी ओठ आवळले, खुर्चीवर चढले आणि हात जेवढा जाईल तेवढा उंच केला.

“पंत,” सिद्रामप्पा पान जुळवत म्हणाले, “हातवारे बी चालायचे न्हाईत!”