वाटीतून गेलेली भूक

हेर्लेकरांच्या घरात भूक एकच होती आणि ती सगळ्यांनी वार लावून वापरायची, असा नियम होता. नियम शलाकाच्या सासऱ्यांनी घातलेला. ते गेले, नियम राहिला, कारण तो सोयीचा होता. ज्याचा वार असेल तो जेवायचा. बाकीचे त्याला वाढायचे आणि जवळ बसून चहा प्यायचे. न जेवणाऱ्यांना त्रास असा काही होत नसे. कराडच्या त्या इमारतीत हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाला त्यात नवल वाटत नव्हतं. एखाद्या घरात स्कूटर एकच असते, या घरात भूक एकच होती.

शलाका लग्न होऊन आली तेव्हा स्वतःची भूक घेऊन आली होती. "एक असताना दुसरीची अडगळ कशाला?" असं म्हणून सासूबाईंनी ती पाठराखणीबरोबर माहेरी परत पाठवली. तिथे धाकट्या भावाने ती आपल्या भुकेत मिसळून टाकली आणि विषय संपला. सासूबाई, म्हणजे इंदुमतीबाई, स्वभावाने वाईट मुळीच नव्हत्या. त्यांना फक्त काही वाया गेलेलं बघवत नसे. दोडक्याच्या शिरांची चटणी, कलिंगडाच्या सालीखालच्या पांढऱ्या भागाची भाजी, कोथिंबिरीच्या देठांचं सार, ताकाच्या भांड्याचं विसळणसुद्धा आमटीत. शलाका हे सगळं शिकली आणि सासूच्याही वरताण झाली. तिच्या वाट्याला बुधवार आला होता. त्या दिवशी ती देठांचं सारसुद्धा असं चवीने ओरपायची की तिचा नवरा प्रसन्न हातातला चहा गार होईपर्यंत बघत राहायचा.

मग जुई झाली. डॉक्टरांनी बाळ तपासलं आणि सांगितलं, "पोरगी छान आहे. भूक आणलेली नाही. तुमच्याकडे तशी पद्धत दिसते. घरातली असेल ती द्या."

दिली. तिघांनीही आपापले वार सोडून दिले. तान्ह्या पोरीला वार पाळायला कोण सांगणार? वाण्याकडची पिशवी हलकी झाली, इंदुमतीबाईंना नातीचा पायगुण चांगला वाटला. शलाका मात्र बुधवार आला की गप्प गप्प असायची. आई होऊन असल्या गोष्टीचं मनाला लावून घ्यावं याची तिला लाज वाटे, पण वाईट वाटायचं ते वाटायचंच.

उष्टावणाला मामा आला. त्याने रीतीप्रमाणे भाचीला बोटभर खीर चाटवली आणि उरलेलं पातेलं स्वतः संपवलं. जुईही मऊ भात मिटक्या मारत खाऊ लागली. आणि मग एका सकाळी तिने तोंड मिटलं ते मिटलंच. दूध नको, भात नको, नाचणीची पेज नको. रडणं नाही, चिडचिड नाही. चमचा समोर आला की ती गोड हसायची आणि मान फिरवायची. शलाका घाबरली ती त्या हसण्यामुळेच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पोरीचं पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "भूक कुठाय?"

"तिच्याकडेच होती."

"आता नाहीये. मुलं वस्तू कुठंही टाकतात. शोधा, आणि लवकर शोधा. मोठ्या माणसांचं तिच्यावाचून चालतं, वाढत्या अंगाचं चालत नाही."

घर उलटंपालटं झालं. पाळण्याखाली, दुपट्यांच्या घडीत, तांदळाच्या डब्यात. प्रसन्नने हाफ डे टाकून कपाटामागे हात घालून पाहिला. काही नाही. शेवटी तिसऱ्या दिवशी शलाकाने सासूला विचारलं, "आई, परवा सकाळी जुई कशाशी खेळत होती?"

"शेंडगे भाऊजींच्या वाटीशी. त्यांनी लाडू दिले होते ना लेकीकडचे, ती वाटी."

"आणि वाटी कुठाय?"

"परत दिली की."

"काय घालून दिली?"

शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हे इमारतीतल्या प्रत्येक घरात पाळलं जाई. इंदुमतीबाई जरा घुटमळल्या. "साखरच घालणार होते गं. पण वाटी उचलली तर जड लागली. म्हटलं, आहे काहीतरी आत. मग साखर कशाला वाया घालवा?"

खालच्या मजल्यावरचे शेंडगे काका तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. बायको गेली तेव्हा त्यांची भूकही गेली, आणि तेव्हापासून ते चहा-बिस्किटांवर दिवस काढत. आता त्यांच्या दारापर्यंत कांदा परतल्याचा वास येत होता. शलाका आत गेली तेव्हा ते पिठल्यात भाकरी कुस्करून बसले होते आणि ओठाला लागलेलं पिठलंही सोडत नव्हते.

"काका, आमची भूक तुमच्याकडे आलीय."

"आलीय," काका म्हणाले. "रीतसर आलीय. वाटीतून."

"चुकून आली. सासूबाईंना कळलं नाही."

"असं बघ शलाका. वाटी भरून आली, मी ती ताब्यात घेतली. भरल्या वाटीतला जिन्नस माघारी मागायचा पायंडा नाही. उद्या कुणीही येऊन मागच्या दिवाळीच्या करंज्या मागेल."

"जुईने दोन दिवस तोंडात घास घेतलेला नाही हो."

काकांनी हातातला घास ताटात ठेवला. "तुझी काकू गेल्यापासून मला भाकरीचा वास आला नव्हता," ते म्हणाले. "परवा आला. मी उभ्यानं रडलो, तुला खोटं वाटेल." मग त्यांनी ताट जरा दूर सारलं. "माघारी मागता यायची नाही. पण तू वाटी पाठव. मला ती रिकामी परत करता येणार नाही. काय भरायचं ते मी बघतो."

शलाकाने दोडक्याच्या शिरांची चटणी पाठवली. वाटी परत आली ती चिमूटभर साखर घालून. इंदुमतीबाई म्हणाल्या, "नियमाप्रमाणे आहे." शलाकाच्या मांडीवर जुई हसत होती, आणि दंडावरचं तिचं झबलं सैल झालं होतं.

मग तिने जुईसाठी केलेला मऊ भात, जुईने नाकारलेला, त्याच वाटीत घातला, वर थेंबभर तूप सोडलं आणि स्वतः नेऊन दिला. "हा तिचाच आहे," एवढंच म्हणाली.

काकांनी पहिला घास घेतला. बिनमिठाचा, बोटाने मोडलेला भात. दुसरा घास तोंडात फिरत राहिला. त्यांना तो गिळवेना आणि टाकवेना. जिची भूक तिचाच भात, आणि खाणारा आपण. हे त्यांच्या कारकुनी मनाला कुठल्याच कलमात बसवता येईना. थोड्या वेळाने ते स्वतः वाटी घेऊन आले. वर ताटली झाकलेली. "पोच घ्या," म्हणाले आणि जिना उतरून गेले, कारण जुईकडे बघायची त्यांची तयारी नव्हती.

जुईने वाटीत हात घातला आणि भोकाड पसरलं. घरातल्या तिघांना इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. भात संपला, पेज संपली, तिने पाळण्याची दोरीसुद्धा चघळून पाहिली.

शलाका वाटी धुवायला मोरीपाशी गेली. तळाशी भुकेचं जरासं चिकटून राहिलं होतं. हाताला कोमट लागलं. सांडायचं तिच्या जिवावर आलं. एवढ्या विरजणात शेरभर दुधाचं दही लागतं. तिने कोमट पेज घेतली, ते त्यात कालवलं, वर ताट झाकलं आणि पातेलं शेगडीजवळ उबेला ठेवलं.

सकाळी पातेलं तिरकं करून पाहिलं. हललं नाही. भूक छान घट्ट लागली होती.

इंदुमतीबाई कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. "अगं बाई, एवढ्या भुका! आणि खाणार काय? ह्यांनी आयुष्यभर एकीत भागवलं."

"भागवलं, आई. पण मला बुधवार पुरत नाही," शलाका म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिने काही मागितलं होतं, आणि आवाज चढला नव्हता तरी तिचे कान तापले होते. "मला रोज जेवायचंय."

इंदुमतीबाईंनी सुनेकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं. मग फडताळातून आपली वाटी काढून पुढे धरली. "मला बेतानं घाल. सवय नाही."

एक वाटी शेंडगे काकांकडे गेली. तासाभरात काका ती घेऊन हजर झाले. वाटीत ठेचा होता, आणि काखेत स्वतःचं ताट. प्रसन्न आधीच पाट मांडून बसला होता. जुईला मांडीवर घेऊन शलाकाने भात वाढला, आमटी वाढली, आणि कुणी चहाचं नाव काढलं नाही. आमटी दुसऱ्या वाढीला संपली. भाकरीचे तुकडे मोजके उरले, मग तेही गेले. इंदुमतीबाईंनी बेत सोडून तिसऱ्यांदा भात मागितला, तेव्हा भाताच्या पातेल्यात खरवड तेवढी होती.

"काय गं हे, पुरलंच नाही," त्या म्हणाल्या, आणि बोटं चाटत राहिल्या.

खरवडीकडे सगळ्यांचंच लक्ष होतं. जुईने झेप घेऊन हात घातला. शलाकाने पातेलं वर उचललं, करपलेला खमंग पापुद्रा उलथन्याने सोडवला आणि आधी स्वतःच्या तोंडात टाकला. मग दुसरा तुकडा मऊ करून लेकीला दिला.