दहावी गोळी मातीत गेल्याबाबत

आमच्या ड्राय फोर्क नेमबाजी मंडळाच्या नियमावलीत सातवं कलम आहे. नेम लागला असं वाटलं तर लागला. चुकला असं वाटलं, तरीही लागला. चुकला हे पक्कं ठाऊक असेल, तरच चुकला. शंकेचा फायदा गोळी झाडणाऱ्याला. या कलमावर मंडळ एकोणीस वर्षं गुण्यागोविंदानं चाललं आहे, कारण इतक्या वर्षांत आमच्याकडे कुणालाही काहीही पक्कं ठाऊक झालेलं नाही.

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तीसेक शहाणीसुरती माणसं माझ्या कुरणात जमतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या गुराख्यांचे कपडे घालतात, कमरेला दोन-दोन पिस्तुलं लावतात आणि टोपणनावं घेतात. दातांचे डॉक्टर विनफ्रेड पोग आमच्याकडे 'काळा कर्दनकाळ' आहेत. लॉयल हॅच बायकोला विचारल्याशिवाय दुसरा पाव उचलत नाही, त्याची नोंद 'एकांडा लांडगा' अशी आहे. मला सगळे वयाच्या मानानं मिस ओपलीन म्हणतात, पण नोंदीत मी ओपलीन टकेटची ओपलीन टकेटच राहिले. ज्या नावाची लाज वाटत नाही ते बदलायचं कशाला?

खेळ सोपा आहे. पोलादी पत्र्यांवर गोळ्या झाडायच्या. लागली की पत्रा टणकन वाजतो. मागे तीन मोजणारे उभे असतात. डाव संपला की ज्याला जितक्या चुका दिसल्या तितकी बोटं त्यानं वर करायची. एकही नसेल तर मूठ. तिघांतल्या दोघांचं जुळलं की तो निकाल. डाव घड्याळ लावून खेळायचा, आणि एका चुकीला पाच सेकंद दंड. आणि वर्षातून एकदा, एप्रिलच्या शनिवारी, सबंध दिवसात ज्याची एकही चूक झाली नाही, त्याला 'निष्कलंक' असं कोरलेला पितळी बिल्ला.

यंदाच्या एप्रिलच्या शनिवारी सहाव्या, म्हणजे शेवटच्या डावात माझी पाळी सगळ्यांत शेवटी होती. तोवर माझ्या नावावर एकही चूक नव्हती. मंडळाच्या बातमीपत्रात फोटो चांगला यावा म्हणून मर्ना स्प्रेगनं माझ्या पाळीपुरता गव्याच्या आकाराच्या पोलादी पत्र्याला ताजा पांढरा रंग दिला होता. रायफलीच्या दहा गोळ्या त्या गव्यावर झाडायच्या होत्या. नऊ वेळा गवा वाजला. दहाव्या वेळी गप्प राहिला आणि त्याच्या पाठीवरून मागच्या मातीच्या बांधात धुरळा उडाला. तो मी पाहिला. आंधळ्या घोडीनंही पाहिला असता. मी रायफल ठेवून वळले, तर मागे तीन मुठी.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. दोन वर्षांपूर्वी माझी सून मार्लीस अशीच शेवटच्या डावापर्यंत निष्कलंक आली होती. मोजणाऱ्यांत मी होते. तिची एक गोळी गेली, मी एक बोट वर केलं, बाकीच्या दोघांनीही केलं. बिल्ला गेला. त्यानंतर अकरा महिने मार्लीस दर रविवारी माझ्या टेबलावर जेवायला बसली आणि मीठ हवं असलं तरी नवऱ्याकडून मागून घेतलं. एवढं सगळं झाल्यावर मी त्याच टेबलावर फुकटचा बिल्ला छातीला लावून बटाटे वाढायचे? त्यापेक्षा मला माझी चूक हवी होती. माझी होती, मी केली होती, आणि ती माझ्या नावावर चढायला हवी होती.

मी डॉक्टर पोगना सांगितलं की एक गेली. ते वेळेचं घड्याळ हातात धरून उभे होते. त्यांनी मला शांतपणे समजावलं की नेमबाजाची साक्ष नियमात धरली जात नाही, कारण नेमबाज नेहमी आपलीच बाजू घेतो. मी म्हटलं, मी कुठं घेतेय? त्यावर ते म्हणाले की अपवादासाठी नियम बदलता येत नाही.

मग मी मोजणाऱ्यांकडे गेले. लॉयल गोळीबाराच्या आवाजापासून कान वाचवायला बोळे घालतो. त्यासाठी श्रवणयंत्र काढून खिशात ठेवतो, आणि निकाल देतो पत्र्याच्या आवाजावरून. त्यानं मला सांगितलं की दहावीचा आवाज बाकीच्या नऊंसारखाच आला. यात तो खोटं बोलत नव्हता. मर्नाचा नवरा आजारी असताना मी सहा आठवडे तिच्या घरी बीन्स आणि कॉर्नब्रेड पाठवलं होतं. माझ्यासमोर बोट वर करणं तिला कृतघ्नपणा वाटतो. तिसरा इझेल. तो आधी बाकीच्या दोघांचे हात बघतो आणि मग तेच दाखवतो. त्याचा निकाल आजवर एकदाही चुकलेला नाही. सर्वांत अचूक मोजणारा म्हणून मंडळानं त्याचा दोनदा सत्कार केला आहे.

राहिला अर्ज. मंडळाचा छापील तक्रार अर्ज एकाच प्रकारचा आहे: 'माझी गोळी लागलेली असताना ती चुकली असे धरण्यात आले.' मी 'लागलेली' खोडून 'चुकलेली' केलं आणि 'चुकली' खोडून 'लागली'. डॉक्टरांनी चष्मा लावून तो वाचला आणि खाडाखोडीमुळे परत केला. दुसरा अर्ज मी पेंडीच्या पोत्याच्या कागदावर स्वतः लिहिला. मी शाळेत सहा वर्षंच गेले, पण 'चुकली' लिहायला तेवढी पुरतात.

समितीची सुनावणी माझ्याच गोठ्यात, माझ्याच बाकांवर झाली. अध्यक्ष डॉक्टर पोग, सभासद लॉयल आणि मर्ना. म्हणजे ज्यांच्या निकालाविरुद्ध तक्रार, त्यांतले दोघे न्यायाला. मी तसं म्हटल्यावर लॉयल म्हणाला की प्रकरणाची माहिती असलेली माणसं समितीत असणं कधीही चांगलं.

"मिस ओपलीन," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही आक्षेप घेतलात, म्हणजे वाद आला. वाद आला म्हणजे शंका आली. शंकेचा फायदा तुम्हाला."

"मला शंका नाही, विनफ्रेड. मला ठाऊक आहे."

"ठाऊक असणं हे मोजणाऱ्यांचं काम. नेमबाजाला फक्त वाटू शकतं."

"बरं. मग या दोघांना ठाऊक आहे का?"

"त्यांना वाटलं. आणि वाटलं की लागला."

मी सगळ्यांना उठवून गव्यापाशी नेलं. पांढऱ्या रंगावर शिशाचे करडे ठसे स्वच्छ दिसत होते. मर्नानं डावीकडून मोजले, लॉयलनं उजवीकडून. दोन्हीकडून नऊच भरले. मला वाटलं, आता तरी हे आटोपलं. डॉक्टर बराच वेळ टोपी मागे सारून बघत राहिले. मग म्हणाले की गोळ्या दहा लागल्या हे निकालानं सिद्धच आहे. ठसे नऊ आहेत. याचा अर्थ दोन गोळ्या तंतोतंत एकाच जागी बसल्या. असा नेम मंडळाच्या इतिहासात कुणी धरलेला नाही. समितीनं तिथल्या तिथे, उन्हात उभ्याउभ्या, मला निष्कलंक बिल्ल्याबरोबर विशेष प्रावीण्याचं प्रशस्तिपत्रक द्यायचं ठरवलं. बातमीपत्रात त्या ठशाचा फोटो आला. नेमका कोणता ठसा दोन गोळ्यांचा हे ठरेना, म्हणून नऊही ठशांना बाण दाखवले होते.

त्या रविवारी मार्लीस जेवायला आली नाही. डोकं दुखतंय म्हणून निरोप आला.

मंगळवारी सकाळी मी फावडं, पिठाची चाळण आणि बादली घेऊन बांधाशी गेले. माझ्या गोळ्या मी घरीच शिसं ओतून करते, माझ्या दिवंगत नवऱ्याच्या, बर्डेटच्या साच्यात. त्या साच्यात एक बारीक उंचवटा आहे, त्यामुळे माझ्या प्रत्येक गोळीच्या बुडाला नखाएवढी चीर उठते. पोलादावर बसलेली गोळी चपटी होऊन फुटते. मातीत गेलेली अख्खी राहते. चीर असलेली एक अख्खी गोळी मिळाली की माझं काम झालं.

ती पाचव्या मिनिटाला मिळाली. सहाव्या मिनिटाला दुसरी. मग मी थांबू शकले नाही. दुपारपर्यंत बादलीत चिरेच्या एकेचाळीस अख्ख्या गोळ्या होत्या. हा बांध दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात नव्यानं घातला आहे. त्या दोन वर्षांत मंडळाच्या वहीत माझ्या चुका तीन आहेत. त्या तीनही गेल्या एप्रिलच्या एकाच दिवशीच्या, जेव्हा टूसॉनहून आलेले पाहुणे मोजायला उभे होते.

मी फावड्यावर हात टेकून उभी राहिले. मैदान माझं. सावलीचं छप्पर माझं. पाण्याची टाकी माझी, संडासही माझाच. भाडं मी घेत नाही. माझ्यासमोर बोट वर करणाऱ्यानं पुढच्या महिन्यात जायचं कुठं? एवढं मला दोन वर्षांत कळलं नव्हतं, आणि मी स्वतःला गावातली सर्वांत तिखट नजरेची बाई समजत होते.

बादली समितीपुढे ठेवली. डॉक्टरांनी गोळ्या एकेक उचलून पाहिल्या, दाढा बघतात तशा. चीर माझ्याच साच्याची हे त्यांनी मान्य केलं. मग वही उघडली. वहीप्रमाणे माझ्या चुका तीन. तेव्हा तीन गोळ्या माझ्या असू शकतात. उरलेल्या अडतीस माझ्या असूच शकत नाहीत. याचा अर्थ कुणी अज्ञात इसम मिस टकेट यांच्या खुणेच्या गोळ्या बनवून त्यांची बदनामी करण्याच्या हेतूनं बांधात झाडत आहे. त्या इसमाच्या शोधासाठी उपसमिती नेमली. इझेल तिचा प्रमुख. शिवाय एक ठराव झाला: यापुढे बांध खणण्यास सक्त मनाई. खणल्यानं शंका दूर होतात आणि सभासदांना शंकेच्या फायद्याला मुकावं लागतं.

ठरावाच्या बाजूनं सगळे हात वर गेले. म्हणजे यांना हात वर करता येत नाहीत असं नाही.

मी तशीच बादली घेऊन मार्लीसच्या घरी गेले. ती मागच्या ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. लग्नाला सतरा वर्षं झाली तरी ती मला मिस ओपलीनच म्हणते. मी बादली तिच्यासमोर ठेवली. तिनं आत बघितलं आणि सोलत राहिली.

"शनिवारी तू मागेच उभी होतीस," मी म्हटलं. "पाहिलंस?"

"पाहिलं."

"आणि या?"

"बऱ्याचशा पाहिल्या. मला वाटलं होतं पन्नासच्या वर असतील."

"मग तोंड का शिवून बसलीस?"

"मला मोजायला कुणी उभं केलं? घरच्यांनी घरच्यांचं मोजू नये, हा नियम तुम्हीच घालून घेतलात."

"तो नंतर. तुझं तर मी मोजलं होतं."

"हो," मार्लीस म्हणाली.

तो 'हो' थेट पत्र्यावर बसला. मी विचारलं की तेव्हा माझं काही चुकलं होतं का. नाही, ती म्हणाली, गोळी गेलीच होती, तिला स्वतःला दिसली होती. त्याचा राग कधीच नव्हता.

"राग दुसऱ्याच गोष्टीचा होता, मिस ओपलीन. त्या दिवशी लॉयल नाक शिंकरत होता आणि इझेल तुमच्याकडे बघत होता. तुमचं बोट वर गेलं म्हणून त्यांची गेली. तुम्ही मूठ दाखवली असती तर त्यांनीही मूठ दाखवली असती. मी चुकले हे त्या तिघांत एकट्या तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही चुकता तेव्हा मोजणाऱ्यांत ते ठाऊक असलेलं एक माणूसही नसतं."

मी शेंगांचं दुसरं टोपलं ओढलं आणि सोलायला बसले. दुसरं काय करणार?

मेच्या शनिवारी बिल्ला द्यायचा समारंभ होता. बीन्सची पातेली मांडली होती, मांस भाजून तयार होतं, तीस टोप्या छपराखाली जमल्या होत्या. डॉक्टरांनी माझ्या दोन गोळ्या एकाच जागी बसल्याचं भाषण केलं आणि बिल्ला घेऊन पुढे आले. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, आधी नियमाप्रमाणे होऊ द्या. दहावी गोळी मातीत गेली हे ज्याला ठाऊक आहे त्यानं एक बोट वर करावं. वाटतं त्याचं काम नाही.

मार्लीसनं बोट वर केलं. सरळ, कोपर न वाकवता.

लॉयल खिशात श्रवणयंत्र शोधू लागला. मर्ना पातेलं ढवळू लागली, जे कधीच ढवळून झालं होतं. इझेल एकदा डावीकडे बघे, एकदा उजवीकडे, आणि त्याचा हात कमरेपर्यंत येऊन थांबे. बाकीची माणसं टोपीच्या कडा तपासत होती. मी माझं बोट वर केलं. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले की नेमबाजाचं बोट धरता येत नाही, हे तुम्हाला आधीच कळवलं आहे.

"मग एक झालं," मी म्हटलं. "अजून एक हवं."

समितीनं आपसात बोलून घेतलं. घरच्या माणसाचं बोट या एका प्रकरणापुरतं धरायचं ठरलं, कारण एकानं काही होत नाही. दुसरं बोट कुणाचंही चालेल, मंडळाचा सभासद असण्याचीही अट नाही. फक्त त्या व्यक्तीला प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत माहीत हवं. तोवर बिल्ला टेबलावर राहील. बीन्स निवेपर्यंत दुसरं बोट आलं नाही, तर मूठ धरून निकाल द्यायचा.

म्हणून तर हे सगळं मी तुम्हाला पहिल्यापासून सांगितलं. धुरळा सांगितला, नऊ ठसे सांगितले, बादली सांगितली. मी चुकले असं तुम्हाला वाटत नाहीये. तुम्हाला ते ठाऊक आहे. बीन्सवर साय धरायला लागली आहे. मार्लीसचा हात भरून आला असेल, पण तिनं तो खाली घेतलेला नाही. शेजारचा काय करतोय ते बघू नका. माझं कुरण तुम्हाला लागत नाही, माझं कॉर्नब्रेड तुम्ही खाल्लेलं नाही, आणि मघाशी हसताना तर तुमचे दोन्ही हात मोकळे होते.