भुरकापूरची आग

काळबांडेबाबूंकडे आगीची वर्दी घेऊन गेलात, की ते पहिले तुम्हाला बसायला सांगत. माणूस धापा टाकत आलेला, धोतराला काजळी लागलेली, आणि हे आपले बाकाकडे बोट दाखवून म्हणत, "बसा. उभ्या माणसाची वर्दी मी लिहून घेत नाही."

मग प्रश्न. पहिला ठरलेला: "माणसं मोजली काय?" त्यानंतर घर कोणाचं, छप्पर कशाचं, वारा कोणीकडून, विहीर किती दूर. पाचही उत्तरं कागदावर उतरल्याशिवाय ते कडुलिंबाला टांगलेल्या घंटेकडे ढुंकूनही पाहत नसत. एकदा बाजारातल्या हलवायाची भट्टी भडकली. तो बिचारा बोंबलत आला. बाबूंनी त्याला बसवलं आणि विचारलं, "माणसं मोजली काय?"

"माणसं गेली चुलीत! माझं तूप जळून राहिलं ना बाप्पा!"

"माणसं चुलीत गेली असतील तं वेगळा कागद लागते," बाबू म्हणाले आणि खरंच दुसरा कागद काढायला लागले.

हलवाई चरफडत बोटांवर मोजू लागला. बायको, चार पोरं, दोन कामाचे गडी, आणि मोजता मोजता त्याचं तोंड पांढरं पडलं. म्हातारा बाप माडीवर झोपला होता! म्हातारा वेळेवर खाली आला, तूप मात्र गेलं. त्या तुपासाठी हलवाई बाबूंना जन्मभर शिव्या देत राहिला, आणि दर दिवाळीला ताटभर मिठाईही पाठवत राहिला.

आमचं गाव सौंसर आणि पांढुर्ण्याच्या मधलं, संत्र्याच्या बागांनी वेढलेलं. नाव सांगत नाही, कारण इथल्या म्युनिसिपल कमेटीतले जुने लोक अजून हयात आहेत आणि त्यांना राग लवकर येतो. मी तिथे नवा कारकून होतो, काळबांडेबाबू जुने. आमच्या कमेटीचं आग विझवायचं खातं म्हणजे बैलगाडीवर बसवलेली पाण्याची टाकी. त्याच बैलांनी सकाळी गावचा कचरा ओढायचा. म्हणजे आग लागली, की आधी बैल कोणत्या गल्लीत आहेत ते शोधा, मग कचऱ्याची गाडी सोडा, मग टाकीला जुंपा. तेवढ्यात बहुतेक आगी आपल्या आपण विझून जात. बैलांना धुराचं इतकं भेव, की धूर दिसला की ते टाकीसकट उलट्या पायी घरी निघत.

म्हणून मोठ्या आगीसाठी आमचा सगळा भरवसा शेजारच्या कमेटीवर होता. ते गाव नागपूरच्या बाजूला, आणि त्यांच्याजवळ मोटारीचा बंब. बंब बोलवायचा तर टेलिफोन चालू पाहिजे. तो चालू आहे की नाही हे दर सोमवारी अकरा वाजता पाहायचं, असा तेव्हाच्या राजधानीचा, म्हणजे नागपूरचा, जुना हुकूम. इकडून काळबांडेबाबू, तिकडून डोंगरेबाबू. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नव्हतं.

दुसरा कोणी असता तर "हलो, ऐकू येते काय, हाव, ठेवतो" म्हणून मोकळा झाला असता. या दोघांचं तसं नव्हतं. त्यांचं म्हणणं, नुसतं हलो म्हणून तपासणी होत नाही, वर्दी पूर्ण दिली पाहिजे. एका सोमवारी याने आग सांगायची, दुसऱ्याने पाचही प्रश्न विचारून लिहून घ्यायची. पुढच्या सोमवारी पाळी त्याची. खऱ्या गावाचं नाव घेतलं तर लोक घाबरतील, म्हणून दोघांनी मिळून एक गाव काढलं. भुरकापूर.

अकरा वर्षं हे गाव जळत होतं!

मी रुजू झालो त्याच आठवड्यात बाबू टेलिफोनवर ओरडताना ऐकले. त्या काळी ओरडल्याशिवाय आवाज पलीकडे पोचत नसे, आणि पलीकडचा ओरडला की साऱ्या कचेरीला ऐकू येई. "सखूबाईचं घर पुन्हा जळलं? काहून? आता तं छपरावर कवेलू टाकले होते तिनं!" पलीकडून डोंगरेबाबू म्हणाले, "जावयानं बिडी टाकली जी." "तो जावई अजून तेथीच आहे काय? त्याले हाकला म्हणलं होतं ना मी तुमाले!"

माझी पक्की समजूत झाली, की सखूबाई यांची कोणी बहीण असावी. मी संध्याकाळी सांत्वनाला गेलो. बाबू कमेटीच्या मागच्या एका खोलीत एकटेच राहत. एक खाट, एक स्टोव्ह, खुंटीवर दोन सदरे. मी म्हणालो, "सखूबाईचं ऐकलं, वाईट झालं." त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "पोरा, तपासणी आहे ते. पण वाईट तं झालंच."

पुढे कचेरीत आमचा खेळच झाला. सोमवारी अकराच्या आधी आम्ही पैज लावायचो, आज सखूबाई की पोलीस पाटील. बाबूंचं तिकडे लक्ष नसे. रविवारभर बसून ते आपली आग तयार करत. कोणाच्या गोठ्यातून निघाली, कुठे पसरली, बकरी वाचली की नाही, सगळं. मी त्यांची नक्कल फार छान करायचो. लोक पोट धरून हसायचे.

मग दिल्लीत कोणी तरी नकाशा घेऊन बसलं आणि आमची राज्यं नव्याने मांडली. एका सकाळी उठलो तर नागपूर परराज्यात! नागपूरसकट पलीकडचा मुलूख मुंबईकडे गेला, आम्ही राहिलो मध्य प्रदेशात, आणि राजधानी म्हणे भोपाळ. भोपाळ कोणत्या बाजूला हे आमच्या अध्यक्षांनी चपराश्याला विचारलं, चपराश्याने मला विचारलं. लग्नं नागपूरकडे, बाजार नागपूरकडे, आणि अर्ज करायचा भोपाळला. महिनाभराने हिंदीत हुकूम आला: परराज्याशी टेलिफोनची तपासणी बंद. यापुढे दर सोमवारी ती जिल्ह्याशी करावी.

मी हुकूम वाचून दाखवला. बाबूंनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे डोंगरेबाबूशी नाही बोलाचं?"

"नाही ना जी. आता जिल्हा."

"एक डाव सांगतो तरी त्याले."

"ट्रंक कॉल लागणार नाही, बाबू. मंजुरीच नाही."

त्या आठवड्यात बाबूंनी दाढी केली नाही. आम्ही म्हणायचो, सखूबाईच्या सुतकात आहेत.

आणि सोमवारी बाबूंनी जिल्ह्याला टेलिफोन लावला. अकरा वर्षांची सवय. डोंगरेबाबूला "ही तपासणी आहे बरं" असं सांगायची कधी गरजच पडली नव्हती, म्हणून इथेही सांगितलं नाही. सरळ वर्दी दिली, तीही आपल्या मोडक्या हिंदीत: भुरकापूरमें आग, अकरा घर, वारा पश्चिमका, आदमी सब बाहर, एक बकरी अंदर. पलीकडचा बाबू जबलपूरकडून बदलून आलेला. त्याला वाटलं, नवा जिल्हा, नवा मुलूख, असेल एखादं गाव. दोन घंट्यांत जीप निघाली. त्यात जिल्ह्याचे अधिकारी दुबेसाहेब, चाळीस घोंगड्या आणि दोन पोती फुटाणे.

आमच्या भागात एक गोष्ट आहे. वाट विचारली आणि ठाऊक नसली, तरी "नाही ठाऊक" असं म्हणणं बरं दिसत नाही. बोरगावला साहेबांना सांगितलं, तिगावच्या तिकडे असंल. तिगावला सांगितलं, मागेच राहिलं जी, तुमी सरके पुढे निघून आले. दुपारी जीप रानातल्या पाच-सात घरांच्या एका वस्तीवर पोचली. तिथल्या म्हाताऱ्याने आधी घोंगड्यांकडे पाहिलं, मग साहेबांकडे, आणि हात जोडून म्हणाला, "हेच भुरकापूर." साहेबांनी विचारलं, जले हुए मकान कहाँ हैं? तो म्हणाला, "बांधून झाले ना जी!"

चार वाजता दुबेसाहेब आमच्या कचेरीत आले तेव्हा त्यांच्या टोपीपासून बुटापर्यंत माती होती. घोंगडी एकही उरलेली नव्हती.

चौकशी दुसऱ्या दिवशी तिथेच बसली. सरकारला खोटी वर्दी दिली, नोकरी जाणार हे नक्की. बाबूंना त्याचं काही वाटत नव्हतं. रात्रभर विचार करून आल्यासारखे ते मला हळूच म्हणाले, "नोकरी जाऊ दे. कमेटीच्या बाहेरच्या माणसाले टेलिफोनले हात लावू देत नाहीत ना रे? मंग डोंगरेबाबूले कोणं सांगावं?"

साहेबांनी वर्दीचं रजिस्टर मागवलं. मराठी त्यांना येईना, म्हणून मी वाचायचो आणि हिंदीत सांगायचो. पहिल्या पानापासून साहेब हैराण. "एक ही औरत का घर नौ बार जला?" मी म्हणालो, "जावई बिडी पीता है, साहब." खोलीत खसखस पिकली. मी अजून रंगात आलो. शेवटच्या पानावर भुरकापूरचा नकाशा होता, तेवीस घरांचा, प्रत्येक घरात राहणाऱ्यांची नावं. जितक्या वेळा घर जळलं तितक्या तांबड्या रेघा. साहेबांचं बोट फिरत फिरत एका घरावर थांबलं. तिथे एकही रेघ नव्हती.

"यह चौदह नंबर? यहाँ कभी आग नहीं लगी?"

मी हसतच वाचलं, "गणपत काळबांडे. बायको राधा. मुलगी कुसुम, वय सहा." मग तीच ओळ पुन्हा वाचली.

साहेबांनी बाबूंकडे पाहिलं. बाबू उठून उभे राहिले.

"माझ्याच होत्या, साहेब. एकाच हप्त्यात तापानं गेल्या दोघी. मंग हे गाव काढलं तवा डोंगरेबाबूनं विचारलं, सगळ्याइचे घरं झाले, तुमी कोणत्या घरात राहता? मी म्हटलं, लिहा चौदा." मग म्हणाले, "कागदावरच राहाचं होतं, तं तेथी एकटा काहून राहू?"

मी हे हिंदीत सांगितलं. कसं सांगितलं मला आठवत नाही. इतके दिवस याच माणसाची नक्कल करून मी चहा पीत आलो होतो. लाज वाटली, फार लाज वाटली.

दुबेसाहेबांनी बराच वेळ रजिस्टर बंद केलं नाही. मग कागदावर लिहिलं, वर्दी तपासणीचीच होती, समजुतीचा घोटाळा, सक्त ताकीद. आणि मला म्हणाले, त्या दुसऱ्या बाबूला ट्रंक कॉल लावा, मंजुरी मी देतो. एकदाच.

अर्ध्या घंट्याने लाईन लागली. बाबूंनी ओरडूनच सांगितलं, आजपासून बंद, सरकारचा हुकूम आहे, रजिस्टर मी जपून ठेवीन.   मग डोंगरेबाबूंचा आवाज आला.

"काळबांडेजी, कालची पाळी माझी होती, राहून गेली. लिहून घेता काय?"

"सांगा."

"आज आग नाही कोठीच. चौदा नंबरात पाहुणे आले आहेत. आमच्या इकडचेच आहेत, चांगलं घर आहे. कुसुम आता सतराची झाली ना, तिले पाहाले आले."

बाबू खाली बसले. एक्सचेंजचा माणूस मध्येच बोलला, तीन मिनिटं झाली. दुबेसाहेबांनी टेलिफोनजवळ वाकून त्याला म्हटलं, "चलने दो."

काळबांडेबाबूंनी दौत जवळ ओढली, टाक बुडवला, आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पोरगं काय करते?"