पूजा झालेली गाडी मागं जात नाही

विरेशकडे अवजड वाहनाचं लायसन होतं, फक्त अवजड वाहन नव्हतं. ते ज्यांच्याकडे होतं, ते सगळे एकच विचारत, "अनुभव किती?" ट्रक चालवल्याशिवाय अनुभव येत नाही आणि अनुभवाशिवाय कुणी ट्रक देत नाही, या फेऱ्यात पोरगं पार वाळून गेलं होतं. सेलूच्या अनुपमाताईंचा ट्रक दर बाजाराला त्याच्या वडिलांच्या दुकानात सरकीची पेंड घेऊन यायचा. त्यांनीही हसून सांगितलं होतं, "बसवअप्पांचा पोरगा म्हणून चहा देते. स्टेअरिंग काय न्हाई देत."

बसवअप्पांचं पेंडीचं दुकान ताडकळसच्या बाजारात, उताराच्या अगदी तळाशी. त्यांनी एकदाचं सुनावून टाकलं होतं, "या बाजारापर्यंत काम धर. न्हाई तर मुकाट दुकानात यायचं आन् पोती उचलायची." विरेशला कष्टाचं वावडं नव्हतं, पण सगळा जन्म पेंडीच्या वासात काढायचा, या विचारानंच त्याचं जेवण कमी व्हायचं.

अशा वेळी गुंडेराव भेटले. ओळख म्हणाल तर एका लग्नात दोघं पंगतीला शेजारी बसले होते आणि गुंडेरावांनी त्याच्या पानातली जिलबी हक्कानं उचलली होती. तेवढ्या नात्यावर ते म्हणाले, "बाजाराच्या दुसऱ्या दिवशी माझा ट्रक ने. सेलूला कापसाच्या गाठी भरायच्या, कसाऱ्याचा घाट उतरायचा, थेट बंदर. अनुभव बिनुभव मी विचारत न्हाई."

"गाडी बरी हाय ना?"

"गाडी? लय वफादार हाय. फिकीर करू नको, मी हाय ना!"

आधीच्या ड्रायव्हरनं काम का सोडलं, हे विचारायचं विरेशच्या ओठावर आलं होतं. पण डोळ्यांसमोर पोती आली आणि प्रश्न त्यानं गिळून टाकला. बाजारादिवशी जरा चालवून बघू, मग हो म्हणू, असं ठरलं.

बाजारादिवशी ट्रक महादेवाच्या देवळापाशी उभा होता, तोंड चढाकडे करून, चाकांमागं दगड लावून. पुढं चार पावलांचा चढ, मग बाजारातून खाली जाणारा लांब उतार. इंजिन चालूच होतं. विरेश स्टेअरिंगवर बसला आणि इतक्यात त्याची आई नीलम्मा नारळ, लिंबं आणि विभूती घेऊन हजर झाली. ही नोकरी तिच्या मनाला मुळीच पटलेली नव्हती. पण न पटलेल्या गाडीची तर पूजा जास्तच नीट करावी लागते, असं तिचं मत.

"आधी ते इंजिन बंद कर. थरथरणाऱ्या गाडीला विभूती लावू कशी?"

"वहिनी, चालूच राहू द्या," गुंडेराव घाईघाईनं म्हणाले. "देवाला समदं चालतंय."

"देवाला चालंल, मला न्हाई चालायचं. विरेश, बंद कर!"

विरेशनं किल्ली फिरवली. गुंडेरावांनी डोळे मिटले. लोकांना वाटलं, भक्तीनं. नीलम्मानं स्टेअरिंगला विभूती लावली, नारळ फोडला, चाकांपुढं लिंबं ठेवली आणि स्वतः केबिनमध्ये चढून बसली. "हं, चल."

विरेशनं किल्ली फिरवली. ट्रकनं हूं की चूं केलं नाही.

"सेल्फ जरा रुसलाय," गुंडेराव म्हणाले. "मागं सोड. उलटी गेली की चालू होते."

"मागं?" नीलम्मानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "लिंबू पुढं ठिवलंय आन् गाडी मागं? पूजा झालेली गाडी मागं जात न्हाई!"

यावर बाजारात दुमत असणं शक्यच नव्हतं. भाजीवाले उठले, गिऱ्हाईकं उठली, देवळातले पुजारीही सोवळं सावरत आले. सगळ्यांनी मिळून ट्रक चढावर रेटला. लिंबं फुटली, टाळ्या पडल्या. माथ्यावरून ट्रक उताराला लागला, गचका देऊन इंजिन धडधडलं आणि लोकांनी हात सोडले. विरेशनं ऐटीत ब्रेक दाबला.

पाय थेट तळाला गेला. त्यानं पुन्हा दाबला. मग हँडब्रेक ओढला, तो दांड्यासकट हातात आला.

"हे काय काढलंस?" नीलम्मानं विचारलं.

"अव्वा, ब्रेक न्हाई!"

"मग हॉर्न वाजव!"

हॉर्नही नव्हता. पण नीलम्मा होती. तिनं कमरेपर्यंत खिडकीबाहेर येऊन अशी आरोळी ठोकली, की उताराच्या टोकाची म्हैससुद्धा बाजूला झाली. "सरका रे! माझं लेकरू यायलंय!" विरेशचे हातपाय अचानक शहाणे झाले. त्यानं पहिला गिअर टाकला आणि इंजिनावरच गाडी आवळून धरली. डावीकडं टमाटे, उजवीकडं बांगड्या, मधून ट्रक नवरीच्या चालीनं निघाला. मागून गुंडेराव पळत होते. "गाडी सांभाळ रे, गाडी!" पोराला सांभाळ म्हणून ते एकदाही ओरडले नाहीत, हे नीलम्मानं बरोबर ऐकून ठेवलं.

उतार संपला तिथं अनुपमाताईंचा ट्रक पेंड उतरवून उभा होता. विरेशनं त्याच्या पुढून वळण घेतलं आणि दुकानासमोरच्या पोत्यांच्या थप्पीला नाक टेकवून गाडी थांबवली. इंजिन मेलं. बाजारात एक टमाटाही फुटला नव्हता.

बसवअप्पा पोत्यांमागून हळूच उभे राहिले. "दुकानात ये म्हणलं होतं. ट्रकसकट न्हाई."

तोवर गुंडेराव धापा टाकत पोचले. "वा रे पठ्ठ्या! मग उद्या घाटाचं पक्कं ना?"

आतापर्यंत ज्या पोत्यांना विरेश भीत होता, त्यांच्यावर त्यानं मायेनं हात फिरवला. "काका, घाटाच्या खाली आमच्या अप्पाचं दुकान न्हाई," तो म्हणाला. "आपलं जमायचं न्हाई."

लोक हसले आणि तो स्वतःही हसला. पहिल्यांदाच कुणाला तरी त्यानं नाही म्हटलं होतं, आणि ते त्याला फार आवडलं.

अनुपमाताई आपल्या ट्रकला टेकून सगळं बघत होत्या. "बसवअप्पा," त्या म्हणाल्या, "बिनब्रेकची गाडी भरल्या बाजारातून आणणारा दुसरा मला मिळायचा न्हाई. विरेश, उद्यापासून ही माझी गाडी तुझ्याकडं."

बसवअप्पांचा ऊर भरून आला. विरेश मात्र जागचा हलला नाही. "ताई, गाडी बंद हाय ना? चालू करून दाखवा. ब्रेक दाबून दाखवा. अन् आधीच्या ड्रायव्हरनं का सोडलं?"

अनुपमाताई तडक केबिनमध्ये चढल्या. इंजिन एका किल्लीत बोललं. ब्रेक करकचून लागला. हॉर्न असा वाजला की नीलम्मानंही मान डोलावली. "आन् आधीचा ड्रायव्हर म्हणजे माझे भाऊ," त्या खाली उतरून म्हणाल्या. "नातू झाला, आता घर सोडायला तयार न्हाईत. आज गाडी मीच चालवत आणली. अजून काय?"

"काय न्हाई. मंजूर," विरेश म्हणाला.

नीलम्मानं तोवर या ट्रकलाही विभूती लावली होती आणि चाकांपुढं उरलेली लिंबं ठेवली होती. विरेश ऐटीत चढून बसला. पण पुढं बघतो तर रस्ता अडवून गुंडेरावांचा ट्रक आडवा.

"मागं घेऊन वळव की रे," कुणीतरी सुचवलं.

"पूजा झालेली गाडी मागं जात न्हाई!" अख्खा बाजार एका सुरात ओरडला.

मग काय, पुन्हा भाजीवाले आले, गिऱ्हाईकं आली, पुजारी आले. गुंडेरावांचा वफादार ट्रक बाजूला ढकलायला सुरुवात झाली. सगळ्यांत पुढं, दोन्ही हात टेकवून, गुंडेराव स्वतः धक्का मारत होते. आणि मागं नव्या गाडीत बसलेला विरेश, त्यांना जोर यावा म्हणून, मन लावून हॉर्न वाजवत होता.