अमेरिका मुंबईपेक्षा जवळ

हणमंतरावांनी रेल्वेच्या वेळापत्रक विभागात तेहतीस वर्षं काढली होती. त्यामुळे लेकीचं, त्रिवेणीचं विमानाचं तिकीट एकदाच बघून त्यांनी जाहीर करून टाकलं, "सकाळी नऊला मुंबई, संध्याकाळी सहाला न्यूयॉर्क. नऊ तास! अहो, इथून मुंबईला गाडीनं सतरा तास लागतात. अमेरिका मुंबईपेक्षा जवळ आहे!"

देश खुला झाला, लेकीला अमेरिकेत कॉम्प्युटरची नोकरी लागली, इथवर ठीक होतं. पण लेक जवळच चालली आहे, हा हिशेब त्यांना फार गोड लागला. बरकतपुऱ्यातल्या व्हरांड्यात आरामखुर्चीत पडून ते आभाळाकडे बघत बसले. शनिवारी निघाली की रविवारी जेवायला हजर! डब्यातली शेंगाची चटणी तर काय, वास उडायच्या आत पोचेल!

त्यांच्या पत्नी इंदुताईंचं मात्र एकच म्हणणं होतं. "पोरीचा पाय जमिनीला लागेपर्यंत घरात केर काढायचा नाही." विमानाच्या आदल्या दिवशी नामपल्ली स्टेशनवर तिला मुंबईच्या गाडीत बसवलं, तेव्हापासून केरसुणी कोपऱ्यात होती. निरोपाला आलेल्या पाहुण्यांनी सांडलेला चिवडा पायाखाली कुरकुरत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इंदुताई देवळात गेल्या. घड्याळात सहाचे ठोके पडले. "पोचली!" असं म्हणत हणमंतरावांनी स्वतः केर काढला आणि कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकून आले. मग फोनपाशी बसले.

फोन काही वाजेना. साडेसहाला शेजारचा किशोर डोकावला. तो पुण्याचा, कॉम्प्युटर कंपनीतला.

"काका, पोचली असेल म्हणता? अहो, सहा म्हणजे तिकडचे सहा! त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. ती अजून अर्ध्या वाटेवर आहे."

हणमंतरावांनी घड्याळाकडे पाहिलं. सगळ्या हिंदुस्थानात एकच घड्याळ चालवलेला माणूस तो! पोरगी आभाळात, आणि आपण इकडे केर काढून बसलो!

"असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही हो," असं किशोरला बजावून ते सूप घेऊन कचराकुंडीकडे धावले.

पानवाल्यानं विचारलं, "क्या ढूंढ रै साब?"

"मेरा कचरा!"

"अपनाच कचरा है बोल के कैसा पैचानते जी?"

"उसमें चिवडा है!"

चिवडा दिसला तिथून त्यांनी दोन्ही हातांनी सूप भरलं. घरी येऊन तो केर चारही खोल्यांत नीट, सगळीकडे सारखा पसरला. इंदुताई आल्या तेव्हा ते आरामखुर्चीत होते. वर एक दिवा लुकलुकत सरकत होता. तो विमानाचा की कसला, कोण जाणे! पण ते त्याच्याकडे बघत राहिले. आता त्यांना अमेरिका फार लांब वाटायला लागली होती.

सकाळी सहाला फोन वाजला. "बाबा, पोचले! आता घरी आले. इथं रात्र झालीय."

"किती तास लागले गं?"

"साडेअठरा."

"म्हणजे मुंबईपेक्षा दीडच तास जास्त," हणमंतराव म्हणाले. एवढं बोलून त्यांनी फोन इंदुताईंच्या हातात दिला.

बोलणं झाल्यावर इंदुताईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि केरसुणी घेतली. पलंगाखाली मात्र त्यांचा हात थांबला.

"अहो, आपण माळकरी माणसं. घरात ही अंड्यांची टरफलं कुठून आली?"

हणमंतरावांनी व्हरांड्यातून आभाळाकडे बोट दाखवलं.

"काल विमान गेलं ना वरून!"